हुरडा म्हणून पेटवलेला कोळसा

मीरा रोडला थंडी पडते असं म्हणणं म्हणजे थोडं फेकणंच आहे. डिसेंबर संपता संपता चार-सहा दिवस पंखा एकवर येतो, डांबरगोळ्यांचा वास मारणारे स्वेटर सकाळच्या बसच्या रांगेत दिसतात आणि बारा वाजता तेच स्वेटर हातावर येतात. एवढीच आमची थंडी. पण पूनम सागरमधल्या आमच्या बिल्डिंगखाली बसणारा इस्त्रीवाला सकाळी कोळसा पेटवतो, तो धूर या दिवसांत लवकर विरत नाही. कंपाउंडच्या भिंतीपाशी घुटमळतो आणि मग हळूहळू दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीत येतो. यंदा तो वास परवा आला. आई खिडकीशी बसली होती. "आला बग हिवाळा," ती म्हणाली, आणि मला मागचा अख्खा हिवाळा आठवला. कौतुकाने आठवावा असा तो नव्हता. माझ्या बाजूने तर मुळीच नव्हता.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर आई आमच्याकडे आली. बीडकडच्या आमच्या गावी ती एकटी राहायची. अंगणात पाय घसरून पडली, मनगट मोडलं, आणि शेजारणीला ते कळायला दुपार झाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यांना आता एकटं ठेवू नका. मी तिला घेऊन आलो. तिचं सामान संगीताने, माझ्या बायकोने, कपाटात नीट लावलं. एक जाड निळ्या कापडाची पिशवी मात्र आईने कुणाला हात लावू दिली नाही. तिच्यात दोन लुगडी, एक शाल आणि औषधांचा डबा घातला आणि ती दाराआडच्या खुंटीवर अडकवली.

"ही कशाला भरून ठेवलीस?"

"जायच्या वक्ताला शोधाशोध नगं. संक्रांत झाली की मी जाती."

मी वाद घातला नाही. म्हातारी माणसं बोलतात तसं बोलली, असं धरून चाललो. तरी ऑफिसातून आल्यावर चपला काढताना माझी नजर आधी त्या खुंटीकडे जायला लागली.

इथे थोडं आमच्या घराबद्दल सांगायला हवं. चौदा वर्षांपूर्वी आम्ही कुर्ल्याच्या खोलीतून इथे फ्लॅटमध्ये आलो. मजल्यावर चार दारं, त्यांतली तीन गुजराती. आम्ही बौद्ध आहोत हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दारावर सुंदर पाटी आहे, तिच्यावर घराचं नाव आहे, आडनाव नाही. पाटीवाल्याने विचारलं होतं, "साहेब, नाव राहिलं का?" मी म्हटलं, "राहू दे, डिझाइन छान दिसतंय." आम्ही चिकन-मटण करतो, पण खिडक्या लावून, एक्झॉस्ट चालू करून. हाडं काळ्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि ती दुसरी पिशवी मी स्वतः ऑफिसला जाताना लांबच्या नाक्यावरच्या कुंडीत टाकतो. असं करा म्हणून मला सोसायटीतल्या एकाही माणसाने कधी सांगितलेलं नाही. माझं मीच ठरवलं होतं.

आई आली त्या आठवड्यात मी तिलाही या शिस्तीत बसवलं. म्हटलं, "आई, खाली बायकांमध्ये बस, गप्पा मार. पण आपल्या खाण्यापिण्याचं काही बोलायचं नाही हं. गावाकडचं तर अजिबात नको."

"बरं," म्हणाली.

ती खाली जाऊन बसायला लागली. मीटरच्या खोलीजवळ एक सिमेंटचा बाक आहे, सकाळी नऊ ते अकरा तिथे ऊन असतं. समोरच्या फ्लॅटमधल्या ज्योत्स्नाबेनही त्याच वेळी गुडघे शेकायला येतात. एकीचं मराठवाडी, दुसरीचं गुजरातीमिश्रित हिंदी, तरी दोघींचं जमलं. वाटाणे सोलायचे, मेथी निवडायची, कुणाचा गुडघा जास्त दुखतो यावर चढाओढ करायची. पण घरात आली की आई गप्प व्हायची. अर्धी भाकरी खाऊन ताट सारायची. मला वाटलं, दात. दोन वेळा दाताच्या डॉक्टरकडे चल म्हणालो, दोन्ही वेळा ती नाही म्हणाली.

त्याच हिवाळ्यात माझ्या मुलीला, पूर्वाला, डुकराच्या बरगड्यांनी झपाटलं. ती हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रॅक्टिकलला आपल्या पसंतीचा एक पदार्थ करून दाखवायचा होता आणि तिने निवडल्या होत्या कोळशाच्या धुरावर तासन्‌तास भाजलेल्या बरगड्या. वर लावायचा सॉसही घरी केलेला हवा, बाटलीतला चालणार नाही, असा तिच्या सरांचा दंडक होता. संगीता हॉस्पिटलात नर्स आहे, तिला रविवारची ड्युटी होती. म्हणून मदतनीस मी.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाताना रस्त्यात चर्चजवळ एक बाई रविवारी सकाळी पोर्क विकतात. त्यांच्याकडून बरगड्यांची एक अख्खी फळी आणली. मी ती वर्तमानपत्राच्या तीन थरांत गुंडाळून, वर मेथीची जुडी दिसेल अशा बेताने पिशवीत ठेवून घरी आणली. पूर्वाने हाडांच्या आतल्या बाजूचा पांढरा पापुद्रा सुरीने उचलला आणि फडक्यात धरून ओढून काढला. तो ठेवला तर मसाला आत जात नाही. मग मीठ, गूळ, लाल तिखट, मिरपूड असं सगळं चोळून फळी दोन तास फ्रिजमध्ये ठेवली. सॉससाठी टोमॅटो, कांदा आणि लसूण शिजवून गाळले, त्यात व्हिनेगर, मोहरीची पूड आणि काळा गूळ घालून तासभर आटवलं. घरभर आंबटगोड वास सुटला. आई स्वयंपाकघरात आली, पळीच्या टोकाला लागलेलं बोटाने चाटलं.

"ही तर चिंचगुळाची आमटी हाय. आटवली म्हून घट झालीया. चिंच का न्हाई घातलीस?"

"आजी, हा बार्बेक्यू सॉस आहे."

"आसंल. चिंच घाल."

बाल्कनीत लहान लोखंडी शेगडी मांडली, तिच्यात कोळसा शिगोशिग भरला आणि मी ब्रशने सॉस फासायला सुरुवात केली. जास्त लावला की जास्त चव, असा माझा हिशोब. दहाव्या मिनिटाला गूळ करपला, पंधराव्या मिनिटाला बरगड्या डांबरासारख्या काळ्या झाल्या आणि आत मांस कच्चं ते कच्चंच. वर तिसऱ्या मजल्यावरून धाडकन खिडकी लावल्याचा आवाज आला. मी शेगडीवर पाण्याचा तांब्या ओतला, त्याने धूर दुप्पट झाला.

आई बाल्कनीच्या दारात उभी राहून हे सगळं बघत होती. म्हणाली, "हिच्यावर भाकरी करायची व्हती का मांस? मांसाला जाळ नगं, धग पायजे." आणि आत गेली. दीड महिन्यात तिने स्वतःहून काढलेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

पुढच्या खेपेला गच्चीवर करायचं ठरलं. काशीमिऱ्याच्या भंगारवाल्याकडून पूर्वाने अर्धा कापलेला ड्रम आणला होता, त्याला चार पाय आणि झाकण जोडून घेतलं. प्रश्न गच्चीच्या चावीचा होता. चावी वॉचमनकडे असते आणि ती घेताना वहीत लिहावं लागतं: नाव, फ्लॅट नंबर, वेळ, कारण. मी नाव लिहिलं, नंबर लिहिला, वेळ लिहिली, आणि कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. जानेवारी चालू होता. गावाकडे ज्वारी दाण्यात भरली असणार. मी लिहिलं, "हुरडा".

मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. कोळसा, धूर, माणसं जमणं, सगळं त्या एका शब्दात बसत होतं. शिवाय हुरडा म्हटलं की कोण नाक मुरडणार?

माझ्या हुशारीत एकच गोष्ट राहून गेली होती. सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणजे ज्योत्स्नाबेनचे यजमान महेंद्रभाई, मूळचे सुरतचे. सुरतेला थंडीत हुरड्याला पोंक म्हणतात आणि पोंक म्हणजे काय हे सुरतच्या माणसाला विचारू नये, विचारलं तर तासाची निश्चिंती. ते संध्याकाळी वही चाळतात हे मला माहीत होतं, पण ती वाचून कुणाला आपलं बालपण आठवेल हे मला कुठून सुचणार?

रविवारी दुपारी दोनला आम्ही गच्चीवर गेलो. या वेळी आईलाही वर नेलं. नेलं म्हणजे ती स्वतःच काठी घेऊन निघाली. पाण्याच्या टाकीजवळ तिच्यासाठी खुर्ची ठेवली. पूर्वाने ड्रममध्ये लोणारी कोळसा एका बाजूला रचला, धुरासाठी लाकडाची एक ढलपी काढून ठेवली, दुसऱ्या बाजूला पाण्याचा पत्र्याचा डबा ठेवला आणि वरच्या जाळीवर बरगड्या त्या डब्याच्या बाजूला, कोळशापासून लांब. आई उठून आली. जाळीवर तळहात धरला आणि पुटपुटत अंक मोजले. पाचाला हात मागे घेतला.

"आजून दोन खडे काढ. आन् ते लाकूड वलं हाय, ते घालू नगं, धूर कडू हुतो."

पूर्वाने दोन कोळसे काढले आणि लाकडाची ढलपी बदलली. झाकण लावलं. झाकणाच्या फटीतून पातळ, निळसर धूर निघायला लागला. आई तो बघत राहिली. मग आपण होऊन बोलायला लागली. मी लहान असताना पावसाळ्यात ऊन नसायचं, तेव्हा चुलीच्या वर एक तार बांधलेली असायची. मीठ-हळद लावलेल्या मटणाच्या पट्ट्या त्या तारेवर टाकायच्या, आम्ही त्यांना चान्या म्हणायचो. रोजच्या स्वयंपाकाचा धूर त्यांना लागायचा, आठ-दहा दिवसांत त्या कडक व्हायच्या आणि मग डब्यात भरून महिनाभर पुरवायच्या. मला ती तार आठवली. तिच्याखाली बसून मी पाढे म्हणायचो हेही आठवलं. चौदा वर्षांत मी पूर्वाला यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. पूर्वा तोंड उघडं टाकून ऐकत होती. "आजी, म्हणजे तू हेच करायचीस!" असं ती म्हणत असतानाच गच्चीचं दार वाजलं.

महेंद्रभाई. हातात स्टीलचा डबा. मागे ज्योत्स्नाबेन, त्यांच्या हातात चार वाट्या.

"अरे वाह, धुआँ तो मस्त निकला है! पोंक किधर है?" त्यांनी डबा उघडून दाखवला. "लिंबू-मिरीवाली सेव. पोंक के साथ यही चाहिए. सुबह बोरिवली जाके लाया."

मी म्हटलं, "पोंक आ रहा है. गाव से पार्सल है. गाडी वरसावे के पुल पे अटकी है, ट्रॅफिक."

"उस पुल का तो पूछो ही मत," महेंद्रभाई म्हणाले. "कोई बात नहीं, हम रुकते हैं." आणि सतरंजीवर मांडी घालून बसले.

त्यानंतरचा पाऊण तास मी आयुष्यात विसरणार नाही. महेंद्रभाई सुरतेच्या तापीकाठच्या पोंकाबद्दल सांगत होते, त्यांचे वडील कसे कोवळे दाणे चोळून आधी आईच्या हातावर ठेवायचे ते सांगत होते. मी हो-हो करत होतो, मधून मधून फोन कानाला लावून नसलेल्या ड्रायव्हरला झापत होतो. दर अर्ध्या तासाने झाकण काढून बरगड्यांवर पाणी-व्हिनेगर शिंपडायचं असतं. आता झाकण काढणार कोण? पूर्वा ड्रमशेजारी उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. तिची परीक्षा त्याच गुरुवारी होती. वारा फिरला, धूर सतरंजीकडे आला. ज्योत्स्नाबेननी पदर नाकाला लावला आणि नवऱ्याकडे पाहिलं. महेंद्रभाई बोलायचे थांबले. त्यांनाही वास आला होता. ज्वारीचा तो नव्हे हे कळायला सुरतेला जन्म घ्यावा लागत नाही.

मी म्हटलं, "वो... जरा पनीर भी रखा है."

तेव्हा आई उठली. काठी टेकत ज्योत्स्नाबेनसमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, हुरडा न्हाई. डुकराचं मटण हाय. आमच्यात खातेत. पोरीची परीक्षा हाय म्हून करायलीय. धूर तिकडं चाललाय, तुमी हिकडं टाकीकडं बसा, वारं मागनं हाय."

डुक्कर हा शब्द गुजरातीतही तोच आहे. ज्योत्स्नाबेन उठल्या. त्या आईकडे बघत होत्या, रागाने की कशाने, मला कळलं नाही. वाट्या गोळा करून त्या दाराकडे गेल्या. महेंद्रभाईंनी डब्याचं झाकण लावलं.

"खाने का मैं कुछ नहीं बोलता," ते मला म्हणाले. "आपका घर, आपका खाना. लेकिन पोंक क्यों बोला? मैं सुबह से..." डबा उचलून ते निघून गेले.

पूर्वाने झाकण उचललं, बरगड्यांवर पाणी शिंपडलं आणि कामाला लागली. शेवटच्या अर्ध्या तासात तिने सॉस लावला. या वेळी त्यात चिंच होती. बरगडी हाडाला धरून पिळली की मांस सुटून यायचं, वरची साल तांबूस-काळी, चिकट आणि आत धुराची गुलाबी कड. खरं सांगायचं तर मला कसलीच चव लागत नव्हती.

आईने तीन बरगड्या खाल्ल्या. हाडं चोखून स्वच्छ केली आणि चौथीसाठी हात पुढे केला.

मी म्हटलं, "तुझे दात?"

"दाताला काय धाड भरलीय?"

"मग इतके दिवस नीट जेवत का नव्हतीस?"

तिने हाड ताटलीत ठेवलं. "तू म्हनलास बोलू नगं. न बोलता किती जेवावं मानसानं?"

ती हे रागाने म्हणाली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती सहज म्हणाली, मीठ कमी आहे म्हणावं तशी. मला लाज वाटली. डॉक्टरांनी सांगितलं होतं एकटं ठेवू नका, आणि मी तिला चार माणसांच्या घरात आणून एकटं ठेवलं होतं. ती पिशवी खुंटीवर का होती, ते मला त्या संध्याकाळी गच्चीवर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आई नेहमीसारखी बाकावर जाऊन बसली. ज्योत्स्नाबेन आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी तिला म्हटलं, "कशाला जातेस खाली? गॅलरीत बस."

"यील ती. ऊन तर तिलाबी लागतंच की."

नवव्या दिवशी ज्योत्स्नाबेन आल्या. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. दहाव्या दिवशी त्यांच्या मांडीवर वाटाण्याच्या शेंगांनी भरलेलं सूप होतं आणि त्यातल्या अर्ध्या शेंगा आईच्या ओच्यात. गोष्ट इथे गोड झाली असं मात्र कुणी समजू नये. ज्योत्स्नाबेन आजही आमच्या घरचं पाणी पीत नाहीत. गच्चीवर परवानगीशिवाय काही पेटवू नये अशी नोटीस लागली आणि ती माझ्यासाठीच होती. पूर्वाला परीक्षेत चांगले गुण पडले. सॉसमध्ये काय घातलंस, असं सरांनी दोनदा विचारलं म्हणे. आता ती पुण्याला एका हॉटेलात नोकरी करते. आणि मी वर्षभर महेंद्रभाईंना टाळलं. ते लिफ्टपाशी दिसले की मी जिन्याने जायचो, तेवढाच व्यायाम.

संक्रांत झाली. आई म्हणाली, शिमगा झाला की जाती. शिमगा झाला, मग पाऊस पडायच्या आत. पावसात एसटीने कोण जाईल, म्हणून दसरा. ती जेवायला लागली होती, पूर्वाशी फोनवर तासभर बोलत होती, संगीताला चान्यांच्या कालवणाची कृती सांगत होती. पण पिशवी खुंटीवरच होती. मध्ये एकदा तिने ती उतरवली, मी धसकलो. लुगड्यांना ऊन दाखवून तिने ती परत भरून ठेवली. मी तिला "राहा" म्हणालो नाही असं नाही, पुष्कळदा म्हणालो. ती दर वेळी "बगू" म्हणायची. खिडक्या अजून मीच लावत होतो आणि काळी पिशवी अजून नाक्यावरच जात होती. तिचं लक्ष होतं.

परवा इस्त्रीवाल्याचा धूर खिडकीत आला, त्याच दिवशी तिने गावी पुतण्याला फोन लावायला सांगितला. "एक पोतं कनसं धाड. कवळी बग. आन् चार गवऱ्या." मग मला म्हणाली, "त्या मानसाचा हुरडा राहिलाय."

आज रविवार. पहाटे पोतं ट्रॅव्हल्सच्या गाडीने आलं. ते उतरवून घ्यायला मी काशीमिऱ्याच्या नाक्यावर सव्वा तास उभा होतो, कारण गाडी खरोखरच वरसावेच्या पुलावर अडकली होती. ड्रायव्हर फोनवर तसं म्हणाला तेव्हा मला त्याच्यावर ओरडताच येईना. पोतं घरी टाकलं आणि उत्तनच्या रस्त्याला जाऊन बरगड्याही आणल्या. मेथीची जुडी या वेळी घ्यायची राहिली, किंवा घेतली नाही.

चावीसाठी वॉचमनकडे गेलो. महेंद्रभाई तिथेच उभे राहून टपालाच्या पेट्या तपासत होते. मला जिन्याकडे वळता आलं असतं. वॉचमनने वही पुढे केली, माझा चष्मा वर राहिला होता. म्हटलं, तुम्हीच लिहा.

"क्या लिखूँ साब, कारण में?"

"पोंक," मी म्हणालो. "और सूअर की पसलियाँ."

वॉचमनने लिहायच्या आधी महेंद्रभाईंकडे पाहिलं. महेंद्रभाई माझ्याकडे बघत होते. मी चौदा वर्षांत त्यांच्याकडे इतक्या सरळ पाहिलं नसेल.

"पोंक सच्ची में है?"

"सच्ची में है. बोरी घर में पड़ी है. आप देख लो."

ते खरंच आले. आमच्या उंबऱ्याच्या आत ते पहिल्यांदाच येत होते. आईने पोत्याचं तोंड सोडून दिलं. त्यांनी एक कणीस उचललं, तळहातावर चोळलं, फुंकर मारून भूस उडवलं आणि चार हिरवे दाणे कच्चेच तोंडात टाकले. डोळे मिटून चावत राहिले.

मग आईला म्हणाले, "माँजी, आपका लड़का नीचे सबके सामने बोला, आज सूअर भी है."

आई माझ्याकडे वळली नाही. त्यांनाच म्हणाली, "हाय. तुमाला लांब बसवीन."

"हवा किस बाजू की है आज?" महेंद्रभाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, खाडीकडून. ते म्हणाले, तर मग आम्ही टाकीकडे बसू, चारला येतो, सेव घेऊन येतो. आणि गेले.

आई पोत्याचं तोंड परत बांधायला लागली.

"खाली सोताहून सांगितलंस?"

"हो."

"बरं केलंस," ती म्हणाली. "कोळसा आनलास का?"

"आता आणतो. इस्त्रीवाल्याकडून."

"कशात आनशील? पलास्टिकची फाटती, मागल्या वक्ती सगळा जिना काळा केला व्हतास."

ती काठी टेकत दाराआड गेली. खुंटीवरची निळी पिशवी उतरवली. दोन्ही लुगडी, शाल आणि औषधांचा डबा एकेक करून बाहेर काढलं. लुगडी कपाटात संगीताच्या साड्यांच्या खणात ठेवली, जागा करायला दोन साड्या सरकवाव्या लागल्या. मग पिशवी उलटी करून झटकली आणि माझ्या हातात दिली.

मी खाली जाऊन पाच किलो कोळसा भरून आणला. पिशवी आतून पार काळी झाली आहे. आता तिच्यात लुगडी भरता यायची नाहीत.